संगणक आले, शिकवणार कोण?



आपल्या वस्तीतल्या शाळेत संगणक आले की आपण समारंभ करतो. फीत कापतो, देणगीदाराच्या नावाची पाटी लावतो. लावावीच, यंत्रं फुकट येत नाहीत. पण शिक्षकाच्या प्रशिक्षणाला पाटी लावता येत नाही, म्हणून त्यासाठी कुणी पैसेही देत नाही. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

महाराष्ट्रात आयसीटी योजना आली तेव्हा यंत्रं, देखभाल आणि शिकवणारे निदेशक, सगळं कंपन्यांकडून पाच वर्षांच्या कराराने घेतलं गेलं. करार संपला की निदेशक घरी. खोली उरते, यंत्रं उरतात, विषय मात्र शाळेच्या कायम शिक्षकाच्या हाती आलेलाच नसतो. मग कुलूप लागतं.

‘आमचे सगळे शिक्षक एमएस-सीआयटी झालेत’ असं कुणी म्हणेल. चांगलंच आहे. पण तो संगणक वापरण्याचा अभ्यासक्रम आहे. पत्र टाइप करता येणं आणि मुलांना संगणकशास्त्र शिकवता येणं यांत बरंच अंतर आहे. यंत्राला स्वतःची अक्कल नसते, म्हणून काम इतक्या बारीक पायऱ्यांत मांडायचं की त्यालाही ते जमावं, हा त्या शास्त्राचा गाभा. त्यातलं बरंचसं वीज नसतानाही शिकवता येतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांना जुनी नाणी विचारा. आणा, चवली, पावली, अधेली, रुपया. आण्यांत मोजा: १, २, ४, ८, १६. प्रत्येकी एकच नाणं जवळ असेल तर ३१ आण्यांपर्यंतची कुठलीही रक्कम नेमकी देता येते, आणि ती देण्याची रीत एकच असते. तेरा आणे द्यायचे? अधेली, पावली, आणा. आता पाच मुलींना ओळीत उभं करा, रुपयापासून आण्यापर्यंत. जिचं नाणं लागलं तिने हात वर करायचा. खाली, वर, वर, खाली, वर. ०११०१. संगणक तेरा हा आकडा असाच लिहितो. न्यूझीलंडच्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीएस अनप्लग्ड’ या नावाने असे संगणकाविना करायचे कितीतरी पाठ बनवलेत. त्यात नाण्यांऐवजी ठिपक्यांची कार्डं आहेत.

याचा अर्थ यंत्रं नकोत असा कृपया काढू नका. घरात एकच मोबाइल असतो आणि तो बहुधा भावाच्या हातात असतो. संध्याकाळच्या क्लासला मुलाला पाठवतात, मुलीला ‘अंधार पडतो’ म्हणतात. तिच्यासाठी शाळेतला तो एक तासच काय तो संगणक. आणि त्या तासाला दहा यंत्रांवर साठ मुलं असली तर कीबोर्डपाशी कोण बसतं? ज्याच्या घरी आधीच संगणक आहे तो. बाकीचे मागून बघतात. दर दहा मिनिटांनी जागा बदलायला लावणारा शिक्षक लागतो, आणि हेही प्रशिक्षणातच शिकवावं लागतं.

हे फक्त आपलंच दुखणं नाही. जेन मार्गोलिस यांनी लॉस एंजेलिसमधल्या तीन सरकारी शाळांचा अभ्यास करून २००८ साली पुस्तक लिहिलं. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांच्या शाळांतही संगणक होते. पण त्यावर मुख्यतः टायपिंगसारखी वरवरची कामं शिकवली जात. त्यातून तिथे जो नवा अभ्यासक्रम उभा राहिला, त्यात शिक्षकांचं प्रशिक्षण सुरुवातीपासूनच होतं.

जवळचं उदाहरण केरळचं. तिथे २००१ साली ‘आयटी ॲट स्कूल’ सुरू झालं. हायस्कूलसाठी बाहेरून निदेशक आणण्याऐवजी त्यांनी शाळेतल्याच भाषा-गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना तयार केलं, आणि त्यांच्यातूनच पुढचे प्रशिक्षक निवडले. पुस्तकं मल्याळममध्ये, सॉफ्टवेअर मुक्त, म्हणजे परवान्याचा खर्च नाही. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ नावाची मुलांची मंडळं दोन हजारांहून अधिक हायस्कुलांत चालतात. सरकार बदललं, योजनेचं नावही बदललं, पण शिक्षक तिथेच राहिले.

आपल्याकडे राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं म्हटलं आहे. शहरातल्या महागड्या शाळा त्यासाठी माणूस नेमतील. आपल्या उर्दू आणि मराठी माध्यमाच्या शाळा काय करणार?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमचा निम्मा दिवस स्वतःचीच चूक शोधण्यात जातो, आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही. शिक्षकाला मात्र वर्गासमोर अडकण्याची भीती वाटते, म्हणून तो कक्षाकडे वळत नाही. ही भीती एका दिवसाच्या कार्यशाळेने जात नाही. वर्षभर, महिन्यातून एकदा भेटणारा पंचवीस शिक्षकांचा गट हवा, अडलं तर फोन करायला कुणीतरी हवं.

म्हणून संस्थाचालकांना विनंती, पुढच्या देणगीतला चौथा हिस्सा यासाठी बाजूला ठेवा. वेळ सकाळी दहा ते तीन, जागा शाळेचीच, म्हणजे शिक्षिकांना मुक्कामाचा प्रश्न येणार नाही. साहित्य मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे हवं; त्यासाठी भाषांतर तपासणारे दोन-चार उर्दूचे शिक्षक आजच नावं देऊन गेले तर बरं. पहिल्या दिवसाला पाच नाणी पुरतील. अधेली कुणाकडे सापडली नाही तर पुठ्ठ्याची कापू.