बिनतारी यंत्राचा परवाना

नाशिकच्या जुन्या वाड्यांतील माळ्यावरच्या पेट्या उघडल्या, तर शेतसाऱ्याच्या पावत्या आणि विवाहाच्या निमंत्रणपत्रिका यांच्या सोबतीला एखादी लहानशी पुस्तिका केव्हा केव्हा हाती लागते. तिच्या पानांवर पोस्टाचे शिक्के उमटलेले असतात. ती रेडिओच्या परवान्याची पुस्तिका होय. दरसाल पोस्टात जाऊन फी भरावयाची आणि पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यावयाचा, असा हा क्रम १९८० च्या दशकापर्यंत चालू होता. घरातल्या नातवंडांना ती दाखविली म्हणजे ती हसतात. घरी बसून भजन ऐकावयाचे, त्यास सरकारची परवानगी कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच नातवंडाच्या खिशातील फोनलाही सरकारची मान्यता लागलेली असते, हे त्याच्या ध्यानी नसते.

दिनांक २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटन झाले. ते चालविणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खासगी होती व तिची मुख्य भिस्त श्रोत्यांच्या परवान्यांवर होती. परवान्याचे वर्षास दहा रुपये पडत, त्यांपैकी आठ कंपनीस मिळत. दहा रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हे. त्यामुळे परवाना न काढता ऐकणारे बरेच निघाले, आणि १९३० च्या मार्चमध्ये कंपनीला आपला कारभार गुंडाळावा लागला. १८८५ च्या तारायंत्र कायद्यात यंत्र उभारणे आणि चालविणे यास बंदी होती. नुसते घरात बाळगणे हा त्यात गुन्हा नव्हता. यंत्र बंद असताना शिपाई आला, की घरधनी निर्दोष! ही पळवाट बुजविण्यासाठी १९३३ साली बिनतारी यंत्रांचा स्वतंत्र कायदा झाला व १ जानेवारी १९३४ पासून तो अमलात आला. परवान्यावाचून यंत्र जवळ ठेवणाऱ्यास पहिल्या खेपेस शंभर रुपयांपर्यंत आणि पुढे अडीचशे रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला होता.

फीच्या वसुलीखेरीज सरकारच्या मनात धाकही होता, हे येथे लपविण्याचे कारण नाही. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने रद्द झाले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, तो अर्थातच परवान्यावाचून. पोलिसांना हुलकावणी देत त्यांचे यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलत राहिले आणि १२ नोव्हेंबरला ते पकडले गेले. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. परवाना हे शासनकर्त्यांच्या हातातील हत्यार कसे होऊ शकते, याचे याहून ठळक उदाहरण महाराष्ट्रात सापडणार नाही.

मग देश स्वतंत्र झाल्यावर ही पद्धत मोडीत का निघाली नाही? याचे उत्तर नाशिककरांना गोदावरीच्या काठीच मिळेल. सिंहस्थात स्नानाचा मान पहिला कोणाचा, यावरून शैव आणि वैष्णव आखाड्यांत एके काळी रक्तपात झाला. अखेर पेशवाईच्या काळात वैष्णवांनी नाशिकच्या रामकुंडावर आणि शैवांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करावे, अशी वाटणी झाली. स्नानाने पाणी संपत नाही. परंतु एकाच घटकेला एकाच पायरीवर सर्वांनी उतरावे म्हटले, की कोणाचेच स्नान नीट होत नाही. बिनतारी लहरींचे नेमके असेच आहे. वापराने त्या झिजत नाहीत. मात्र एकाच लहरीवर एकाच परिसरात दोघे बोलू लागले, म्हणजे तिसऱ्यास दोघांपैकी एकाचेही ऐकू येत नाही. म्हणून कोणी कोणत्या लहरीवर आणि किती जोराने बोलावे, हे आधी ठरवून द्यावे लागते.

ही गोष्ट आज नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांपर्यंत येऊन पोहोचली आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाने किती वेळ ओली राहिली, यावर केवडा रोगाचे भवितव्य अवलंबून असते. पूर्वी बागाईतदार पहाटे उठून पानावरून बोट फिरवी आणि फवारणीचा निर्णय घेई. आता बागेत खांबावर लहानशी यंत्रे बसतात. ती पानांचा ओलावा, मातीची ओल आणि हवेची उष्णता मोजून बिनतारी लहरींनी घरी कळवितात. एक रात्र चुकली तर वर्षाचे पीक हातचे जाते. त्यामुळे ही यंत्रे चैनीची वस्तू राहिलेली नाहीत.

समजा, एखाद्या बागाईतदाराच्या मुलाने असे यंत्र अमेरिकेहून आणले. यंत्र उत्तम आहे, किंमतही जबर मोजलेली आहे. परंतु तिकडे अशा यंत्रांना ९०२ ते ९२८ मेगॅहर्ट्झ हा पट्टा नेमून दिलेला आहे. एक मेगॅहर्ट्झ म्हणजे सेकंदास दहा लाख कंपने. आपल्याकडे ८९० ते ९१५ हा पट्टा भ्रमणध्वनीचा. हातातील फोन त्यावरून मनोऱ्याशी बोलतो. फोनचा आवाज मनोऱ्यापर्यंत जाताना अगदी क्षीण झालेला असतो, आणि मनोरा कान देऊन तो टिपत असतो. अशा वेळी बागेतील परदेशी यंत्र त्याच लहरीवर ओरडू लागले, तर मनोऱ्याच्या कानठळ्या बसतात. गावात कोणाला प्रसूतीसाठी गाडी बोलवावयाची असेल आणि फोन लागणार नाही. दोष कोठे आहे, हे त्या बिचाऱ्याला कधी कळणारही नाही.

भारतात अशा यंत्रांसाठी २००५ साली ८६५ ते ८६७ मेगॅहर्ट्झ हा पट्टा मोकळा केला गेला, आणि २०२१ च्या नियमांनी तो ८६८ पर्यंत वाढविला. त्याच २००५ साली घरोघरच्या वाय-फायचा २४०० मेगॅहर्ट्झचा पट्टाही परवानामुक्त झाला. ‘परवानामुक्त’ या शब्दाने मात्र पुष्कळांची फसगत होते. वापरणाऱ्यास परवाना नको, इतकाच त्याचा अर्थ. यंत्राच्या नमुन्यास मान्यता लागतेच. २००५ च्या नियमाने पहिल्या पट्ट्यात यंत्राचा जोर एक वॅटपर्यंत, अँटेनाच्या साह्याने बाहेर पडणारी शक्ती चार वॅटपर्यंत आणि लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झपर्यंत ठरवून दिली. नमुना या मर्यादेत बसतो, असा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल जोडून दिल्लीच्या बिनतारी नियोजन खात्याकडे अर्ज करावा लागतो. हे खाते १९५२ पासूनचे. अलीकडे अर्ज संगणकावरून जातो आणि कित्येक प्रकारच्या यंत्रांस २०१९ पासून निर्मात्याच्या स्वयंघोषणेवर मान्यता मिळते. ही सुधारणा स्वागतार्ह खरी. पूर्वी ओझे ऐकणाऱ्याच्या डोक्यावर होते. आता ते बनविणाऱ्याच्या आणि आणणाऱ्याच्या डोक्यावर गेले, हेही योग्यच झाले.

तथापि सातपूर किंवा अंबडच्या वसाहतीतील लहान कारखानदाराची अडचण वेगळी आहे. मोठ्या कंपनीस चाचणीचा खर्च लाखो नगांवर पसरता येतो. ज्याला हंगामात दोन-तीनशे यंत्रे विकावयाची आहेत, त्याला तोच खर्च प्रत्येक नगामागे जाणवतो. शिवाय छाटणीचा महिना कागदपत्रांसाठी थांबत नाही. मान्यता दिवाळीनंतर आली, तर त्या वर्षीचा धंदा बुडालाच. आणि हा प्रामाणिकपणे वाट पाहत असता बाजारात बिनशिक्क्याचा माल निम्म्या किमतीस मिळतो, ही त्याची खरी बोच. चाचणीत सवलत द्यावी असे यावरून ठरत नाही. चाचणी जवळ, स्वस्त आणि ठरल्या मुदतीत व्हावी, एवढे मात्र निश्चित ठरते.

त्याने परदेशी पाऊल टाकावयाचे म्हटले, तर हीच कथा नव्याने सुरू होते. केनियातील नैवाशा सरोवराच्या काठी गुलाबाची मोठमोठी हरितगृहे आहेत. तेथेही पानांचा ओलावा मोजावा लागतोच. परंतु दिल्लीची मान्यता नैरोबीत चालत नाही. तेथे केनियाच्या दळणवळण प्राधिकरणाकडे, नायजेरियात तेथील दळणवळण आयोगाकडे, दक्षिण आफ्रिकेत आणखी तिसऱ्याच संस्थेकडे, असे दार-दर-दार जावे लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने लहरींच्या वाटपासाठी जगाचे तीन विभाग पाडले आहेत. आफ्रिका युरोपसमवेत पहिल्या विभागात येते, भारत तिसऱ्यात. म्हणून नाशिकहून माल निघण्यापूर्वी त्या त्या देशाचा लहरींचा तक्ता समोर ठेवून यंत्राची लहर जुळवावी लागते. हे काम कारखान्यात काही मिनिटांचे आहे. तेच यंत्र मोंबासाच्या बंदरात अडकल्यावर गोदामाचे भाडे चढत राहते आणि गुलाबाचा हंगाम निघून जातो.

१८८५ आणि १९३३ या दोन्ही कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ साली संसदेने नवा दूरसंचार कायदा केला. माळ्यावरची ती पुस्तिका आता कोणाच्या उपयोगाची नाही. बागेत यंत्र बसवून घेणाऱ्याने मात्र पैसे मोजण्यापूर्वी डबी उलटी करून पाहावी. तिच्यावर किंवा सोबतच्या कागदावर मेगॅहर्ट्झचा आकडा असतो. तो ८६५ आणि ८६८ यांच्या दरम्यान आहे की नाही हे पाहावे, आणि मान्यतेचा क्रमांक विक्रेत्याकडून लिहून घ्यावा.