शिपायाचे पत्र

शिपायाच्या पराक्रमाची वर्णने आपण पुष्कळ ऐकतो. त्याच्या मनावरील ओझ्याची चौकशी सहसा होत नाही. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत मेसापोटेमियातील कुट येथे इंग्रजी सैन्य तुर्कांच्या वेढ्यात अडकले होते. आत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. घोड्याचे मांस पुढे आले, तेव्हा कित्येक हिंदी शिपायांनी धर्मास्तव ते दीर्घकाळ नाकारले. उपासमार दिसते, घरची ओढ दिसत नाही.

त्याच युद्धात फ्रान्समधील हिंदी शिपायांची पत्रे सरकारी तपासनीस उघडून वाचीत. त्यांचे इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बहुतेक शिपाई निरक्षर. मजकूर सोबत्याकडून लिहवून घ्यावयाचा, आणि गावी तो दुसऱ्याने मोठ्याने वाचावयाचा. मग बायकोविषयीचे प्रेम सांगावे कसे? आमच्या बीडकडे तर तिचे नाव चारचौघांत उच्चारणेही अवघड! पत्र वडिलांच्या नावे जावयाचे. बैल, पाऊस, पीक यांची विचारपूस झाल्यावर मुलांच्या आईची खुशाली एका ओळीत विचारावयाची. दाराआड उभी असलेली ती त्या ओळीचीच वाट पाहत असे. वाचणाऱ्या मास्तराने ती ओळ तरी घाईने वाचू नये.