निवळले म्हणजे शुद्ध झाले?
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पहिला मोठा पाऊस झाला की आपल्या परभणी जिल्ह्यात नद्यांचा रंग पालटतो. गोदावरी असो, पूर्णा असो की दुधना, काळ्या रानातली माती घेऊन पाणी वाहू लागते. माझ्या लहानपणी असे पाणी घागरीत भरले की आजी त्यात तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवायची आणि म्हणायची, ‘आता हलवू नको रे, बसू दे.’ सकाळी वर नितळ पाणी आणि तळाशी गाळ. आम्ही ते पाणी शुद्ध समजून प्यायचो. पुढे रसायनशास्त्र शिकवू लागलो, तेव्हा कळले की पाणी निवळले होते. शुद्ध झाले होते की नाही, हा प्रश्न वेगळा.

मिश्रणातले पदार्थ वेगळे करायचे तर त्यांच्यातला फरक हेरावा लागतो. खळ्यावर ज्वारी उफणताना वाऱ्याने भुसकट लांब जाते आणि दाणा जवळ पडतो, कारण दाणा जड असतो. पीठ चाळताना कोंडा चाळणीत राहतो, तो आकाराने मोठा म्हणून. तांदूळ रोळताना खडे मागे राहतात. या साऱ्या कामांत आपण वजनाचा किंवा आकाराचा फरक वापरतो.

काळ्या मातीचे कण मात्र फार बारीक असतात. ते कापडातून निसटतात आणि रात्रभर ठेवले तरी नीट बसत नाहीत. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटी हा भार घालवते. मग कण एकत्र येतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या जड होऊन खाली बसतात. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांतही हेच केले जाते. पण तिथे निवळलेले पाणी वाळूतून गाळून त्यात क्लोरीन मिसळतात, कारण गाळ बसला तरी रोगजंतू उरतात. घरी पाणी निवळल्यावर ते गाळून, खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळावे. जंतूंची भीती त्याने जाते.

इथे पुष्कळ जण थांबतात. पाणी नितळ आहे आणि उकळलेले आहे, मग आणखी काय हवे?

यासाठी गुऱ्हाळ आठवून पाहा. उसाचा रस कितीही बारीक कापडातून गाळला तरी गोडी कापडावर राहत नाही, कारण साखर विरघळलेली असते. काहिलीत रस आटवला की पाण्याची वाफ होऊन जाते आणि गोडी मागे राहते. आता बोअरचे पाणी पातेल्यात उकळतो तेव्हाही असेच होते. पाणी थोडे आटते आणि त्यात विरघळलेले क्षार पातेल्यातच राहतात. काही चुनखडीयुक्त क्षार पांढरा थर होऊन तळाशी बसतात, ते आपल्याला दिसतात. नायट्रेट आणि फ्लोराइड दिसतही नाहीत आणि उकळून जातही नाहीत. उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण किंचित वाढते.

उकिरड्याशेजारच्या किंवा भरपूर खत पडणाऱ्या शिवारातल्या विहिरीत आणि बोअरमध्ये नायट्रेट उतरू शकते. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. फ्लोराइडची कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. फ्लोराइड वर्षानुवर्षे जास्त पोटात गेले तर दातांवर डाग पडतात आणि हाडे ताठरतात. नायट्रेटचा धोका सर्वांत जास्त तान्ह्या बाळाला. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते आणि अंग निळसर पडू शकते. बाळाच्या दुधाच्या भुकटीसाठी आई काळजीने पाणी उकळते, पण पाण्यात नायट्रेट जास्त असेल तर त्या उकळण्याचा उपयोग होत नाही.

मग उपाय काय? आधी पाण्यात काय आहे ते ओळखणे. शासनाच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा आहेत. ग्रामपंचायतीकडे विचारणा करून आपल्या बोअरचा नमुना तपासून घेता येतो. फ्लोराइडसाठी नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरण्याची रीत बसवली. ‘नालगोंडा पद्धत’ म्हणून ती ओळखली जाते. तुरटी तीच, पण तिची मात्रा पाणी तपासूनच ठरवावी लागते. नायट्रेटवर मात्र तुरटी चालत नाही. तिथे आरओचे यंत्र लागते, नाही तर दुसरी चांगली विहीर शोधावी लागते. आरओच्या पडद्यातून पाणी दाबाने पलीकडे जाते आणि बहुतेक क्षार अलीकडे राहतात. मात्र क्षारांसह बरेच पाणी बाहेर टाकले जाते. आपल्या दुष्काळी भागात ते वाया घालवू नये. फरशी पुसायला, अंगण धुवायला ते चालते.

आजीची तुरटी खोटी नव्हती. गाळ बसवण्याचे तिचे काम ती चोख करत होती. राहिलेले काम आपले आहे. घरात तान्हे बाळ असेल तर या आठवड्यातच पाण्याचा नमुना तपासायला द्या.