घरची ओढ आणि तिचं औषध



साहित्याच्या व्यासपीठावर होमिओपॅथीच्या डॉक्टरला बोलावलंत, याचं मला थोडं आश्चर्यच वाटलं. विषय मात्र ओळखीचा आहे. गाव सोडून शहरात गेलेला मुलगा तुम्हाला कथेत भेटतो, मला तो बाकावर नंबर लावून बसलेला भेटतो.

आपल्या साहित्यातलं शहर म्हणजे बहुधा मुंबई. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईला गेले. कोकणातला चाकरमानी बोटीनं गेला. पण जोयडा तालुक्यातल्या दिग्गीचं शहर मुंबई नव्हे. दिग्गी हे काळी नदीच्या उगमाकडचं, सह्याद्रीच्या माथ्यावरचं गाव. घाट उतरला की गोव्याचा सांगे तालुका लागतो. तिथला मुलगा मडगावला, वास्कोला, वेर्ण्याच्या कारखान्यांत कामाला जातो. अंतर थोडं, त्यामुळे त्याच्या जाण्याला कुणी स्थलांतर म्हणत नाही आणि त्याच्यावर कादंबरीही होत नाही. पण शाळेत कन्नड शिकलेला, घरी कोकणी-मराठी बोलणारा कुणब्याचा पोर तिथे हिंदीत गिऱ्हाइकाची ऑर्डर घेतो. एका रात्रीत तिसरी भाषा, दुसरं राज्य.

माझं स्वतःचं सांगतो. वडिलांचं किराणा दुकान जुन्या सुप्यात होतं. आम्ही जैन, कंदमुळं खात नाही. आणि हा तालुका तर कंदांचा! जोयड्यात आता कंदांचा मेळा भरतो, लांबून लोक येतात. त्या काळी दिग्गीकडच्या कुणबी बायका बाजाराला आल्या की वडिलांसाठी मुडली आणायच्या, हातभर लांब कंद. आम्ही खात नाही हे त्यांना माहीत होतं. तरी आणायच्या, कारण देण्यासारखं उत्तम त्यांच्याकडे तेच होतं. आई ते दोन्ही हातांनी घ्यायची आणि संध्याकाळी शेजारी पोचवायची.

मी बेळगावला शिकायला गेलो आणि इकडे सुप्याचं धरण उभं राहत होतं. १०१ मीटर उंचीचं ते धरण १९८७ साली पूर्ण झालं. सुपा पाण्यात गेलं, तालुक्याची कचेरी जोयड्याला हलली, आमच्यासारखी पुष्कळ कुटुंबं रामनगरला आली. तेव्हा ‘गावी परत जा’ हा सल्ला मी कुणाला देत नाही. आणि तसंही आमचे साधू चातुर्मासाचे चार महिने सोडले तर एका जागी राहत नाहीत. गाव सोडणं हे पाप आहे, असं माझ्या घरात कुणी शिकवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी दिग्गीकडचा एकोणीस वर्षांचा मुलगा आला. गोव्यात हॉटेलात होता. तक्रार, झोप नाही. भूक बरी, ताप नाही, व्यसन नाही. आमच्या शास्त्रात पेशंटला बोलू द्यायचं असतं. अर्ध्या तासानं तो म्हणाला, “डॉक्टरबाब, तिथे रात्री काळोखच होत नाही.” खोलीच्या खिडकीसमोर दुकानाची पाटी होती, रात्रभर पेटलेली.

घरच्या ओढीला आजार म्हणणारा पहिला माणूस वैद्यकाचा विद्यार्थीच होता. योहानेस होफर यानं १६८८ साली बाझल इथे त्यावर प्रबंध लिहिला, आणि परतणं व वेदना या दोन ग्रीक शब्दांतून ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. त्याचे रुग्ण परमुलखात राहणारे स्विस तरुण होते. केंट यांच्या औषधसूचीतही मनाच्या प्रकरणात घरच्या ओढीचं स्वतंत्र लक्षण आहे. तिथलं ठळक औषध कॅप्सिकम, म्हणजे आपली लाल मिरची! ही मिरची मूळची अमेरिकेतली, पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेली. स्वतःच घर सोडून आलेली वनस्पती त्या दुखण्यावर द्यायची, याची मला नेहमी गंमत वाटते.

त्याला मी तीच दिली, आणि खिडकीला जाड चादर लावायला सांगितलं. पुढच्या खेपेला तो खुशीत होता. गोळ्यांनी झोप आली की चादरीनं, हे मी शपथेवर सांगणार नाही.

मग भातकापणीच्या सुमाराला त्याची आई आली. तक्रार तीच, झोप नाही. कारण विचारलं. पीक तयार झालं की रानडुकरं आणि गवे शेतात उतरतात, रात्रभर माळ्यावर बसून हाकारा घालावा लागतो. पूर्वी पोर बसायचा, आता ती बसते. एकाच घरातली दोन माणसं एकाच कारणानं जागी होती. त्यातल्या एकाला मी झोप दिली होती.

व्याघ्र प्रकल्पातून स्वेच्छेनं बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला पूर्वी १० लाख मिळायचे, २०२१ पासून १५ लाख. त्या हिशोबात अठरा वर्षं पूर्ण झालेला मुलगा वेगळं कुटुंब धरला जातो. कागदावर हे न्यायाचंच आहे, चार पैसे जास्त येतात. पण आई आणि मुलगा ही दोन कुटुंबं, हे वाचताना मला त्या बाईचा माळा दिसतो. आपण लिहितो जाणाऱ्यावर. मागे राहिलेलं माणूस रात्री काय करतं, हे फारसं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. मुलाची हकिगत लिहून घेतली आणि आईची एक ओळसुद्धा नाही.

तिनं जाताना विचारलं, “डॉक्टरबाब, गोळ्या घेतल्यापासून त्याचा फोन कमी येतो. तुमच्या औषधानं आमची आठवण तर गेली नाही ना?”

मी हसून नेऊ शकलो असतो. जमलं नाही. म्हटलं, “नाही बाय, तसं औषध नसतं.”

तिनं पिशवीतून मुडली काढून टेबलावर ठेवली. मी म्हटलं, “आम्ही खात नाही, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी नाही. गोव्याची बस तुमच्या दारावरून जाते. तो दिसला तर द्या.”

दहा दिवस ती दवाखान्यात, औषधांच्या कपाटाखाली होती. अकराव्या दिवशी तो आला आणि घेऊन गेला. कुठल्या दिशेच्या बसमध्ये चढला, हे मी दारात जाऊन पाहिलं नाही. आत पेशंट बसले होते.