निळा घोडा

लहानपणी गावी गोठ्यात खांबाला बांधलेला एक माणूस मी पाहिला. त्याला नाव होते; पण त्या नावाने हाक मारणारे कोणी उरले नव्हते. आजची हकीकत दूरदेशीची आहे खरी, पण ती सांगताना मला तो खांब आठवतो.

इटलीत समुद्रकाठी त्रिएस्ते हे शहर आहे. तेथे ऑस्ट्रियाच्या अमदानीत, १९०८ साली, सान जोव्हान्नी भागात मोठे मनोरुग्णालय उघडले. बाग होती, प्रशस्त इमारती होत्या. नव्हती ती बाहेर पडण्याची मुभा. १९७१ साली डॉ. फ्रांको बझालिया तेथे प्रमुख म्हणून आले, तेव्हा आत सुमारे १२०० माणसे होती.

बझालियांनी काय केले? कुलपे काढली, बांधून ठेवणे बंद केले. रोग्यांना सभेत बोलायला लावले. झाडलोट करणाऱ्या रोग्यांची सहकारी संस्था निघाली आणि कामाला रीतसर मजुरी मिळू लागली.

तेथे धुण्याची गाडी ओढणारा मार्को नावाचा घोडा होता. म्हातारपणी तो खाटकाकडे जायचा, तर रोग्यांनी सरकारकडे अर्ज करून त्याला वाचवले! मग १९७३ साली त्यांनी लाकूड व कागदाचा लगदा यांचा भला थोरला निळा घोडा केला. तो दारातून मावेना. तेव्हा दार फोडून घोडा बाहेर काढला, आणि रोगी, डॉक्टर, परिचारिका मिरवणुकीने गावात गेले.

१९७८ साली इटलीत कायदा झाला : नवी मनोरुग्णालये बांधू नयेत, जुनी हळूहळू बंद करावीत. त्रिएस्तेत वस्तीवस्तीत उपचार केंद्रे निघाली. जुन्या आवारात आज गुलाबांची बाग आहे, विद्यापीठाचे वर्गही भरतात. मात्र इटलीत जेथे अशी केंद्रे वेळेवर निघाली नाहीत, तेथे सारा भार घरच्यांवर पडला. म्हणजे नुसते दार उघडून भागत नाही. दाराबाहेर कोणीतरी उभे असावे लागते.

आपल्याकडेही २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. पण कायदा गोठ्यापर्यंत चालत जात नाही. तो आपण न्यावा लागतो. गुरुजनहो, वर्गात कोणी 'वेडा' म्हणून हसले, तर त्या माणसाचे नाव काय, एवढे जरूर विचारा. सुरुवात तेथूनच होते.