दरड आणि उतारावरचे पाणी

(शेतकऱ्यांसाठीच्या नभोवाणी कार्यक्रमातील भाषण)

मिरगाला अजून पंधरवडा आहे. राब भाजून झाले असतील, घर शाकारणी चालू असेल, बियाण्याची तजवीज होत असेल. या घाईत आणखी एक काम सांगायचे आहे. आपल्या सह्याद्रीत, कोकणात काय नि मावळात काय, ज्यांची घरे डोंगराच्या उताराला किंवा पायथ्याला आहेत, त्यांनी मिळून एक दिवस काढावा आणि वस्तीच्या वरचा डोंगर चढून पाहावा. काय पाहायचे ते पुढे सांगतो.

आधी काही तारखा आठवा. २५ आणि २६ जुलै २००५ ला महाड तालुक्यात जुई, दासगाव या गावांवर दरडी आल्या. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गेले. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. नेहमीची एस.टी. घेऊन आलेल्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा बाहेर बातमी कळली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातच तळिये, ऐंशीहून अधिक माणसे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. ती तर धोक्याच्या गावांच्या सरकारी यादीत नव्हतीसुद्धा. तेव्हा ‘आमच्या गावाचे नाव यादीत नाही’ म्हणून कुणी निवांत राहू नये.

या सगळ्या तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत, हे तुमच्या ध्यानात आले असेल. जूनमध्येही पाऊस मोठा पडतो, पण डोंगर तेव्हा तहानलेला असतो. महिना-दीड महिना पाणी पिऊन तो तुडुंब झाला, आणि त्यावर दोन-तीन दिवस धो धो कोसळला, की मग धोका. एक एकरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे चार लाख लिटर पाणी पडले. त्यातले काही वाहून जाते, बाकीचे मातीत उतरते. आपल्याकडे वर माती आणि मुरूम, खाली कातळ, आणि मध्ये बऱ्याच ठिकाणी चिकण मातीचा थर. पाणी कातळावर येऊन अडते. वरची माती वजनाने जड होते, आणि तळाशी साचलेले पाणी तिला खालून उचलून धरते. गोठ्यातली फरशी उतरती असली तरी कोरडी असताना बैल तीवर घट्ट उभा राहतो. तीच शेणामुताने ओली झाली की त्याचा पाय सरकतो. फरशीचा उतार तोच असतो, पण पायाची पकड जाते. डोंगराचेही तसेच होते.

आता एक अडचणीची गोष्ट. मागे एका गावच्या बैठकीत मी हे असेच समजावून सांगत होतो. एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, “साहेब, गेल्या साली तुम्हीच सांगून गेलात, पाणी अडवा, पाणी जिरवा. आज म्हणता, पाणी जिरलं म्हणून डोंगर येतो. आम्ही करावं काय?” लोक हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण प्रश्न रास्त होता. आम्ही कृषी खात्याची माणसे एक वाक्य पाठ करून गावोगाव तेच सांगत फिरतो. माण-खटावच्या माळावर जे अमृत, ते महाड-पोलादपूरच्या उभ्या कड्याखाली विष ठरू शकते. जिथे पाऊस वीस इंच आणि उतार मंद, तिथे समपातळी चर खणा, थेंब न् थेंब जिरवा. जिथे सव्वाशे इंच पाऊस आणि डोईवर तीव्र उतार, तिथे घरांच्या वरच्या अंगाला पाणी साठवणारे चर, शेततळी, शोषखड्डे नकोत. तिथे पाण्याला वाट काढून द्या. माळीणनंतर डोंगरावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणावर बरीच चर्चा झाली. त्या दुर्घटनेत पावसाचा वाटा किती आणि सपाटीकरणाचा किती, हा वाद मी इथे काढत नाही. पण उभ्या उतारावर यंत्र चढवण्याआधी भूवैज्ञानिकाला दाखवून घ्या, एवढे नक्की सांगेन.

वाट कशी काढायची? वस्तीच्या वर, पण डोंगरात भेग दिसत असल्यास त्या भेगेच्याही वर, एक आडवा चर काढा. दीड-दोन फूट रुंद, तेवढाच खोल. तो समपातळीत नको, शंभर फुटाला फूट-दीड फूट उतार ठेवा, म्हणजे पाणी थांबणार नाही. तळाला दगडाची फरसबंदी करून सांधे चिकण मातीने बुजवा, नाहीतर चरातूनच पाणी झिरपेल आणि केलेले काम उलटेल. शेवट मूळच्या ओढ्यात न्या, शेजाऱ्याच्या अंगणात नको. आणि प्रत्येक उघडिपीला पालापाचोळा काढा. तुंबलेला चर हा चर नसण्यापेक्षा वाईट.

वरची पडीक खाचरेही पाहा. मुले मुंबईला गेली, बांध फुटले, उंदीर-खेकड्यांनी भोके पाडली, आणि पावसाळाभर पाणी तिथेच मुरत राहिले, असे गावोगाव दिसते. लावणी करणार नसाल, तर बांधाला मोरी ठेवा, पाणी साचू देऊ नका. भेगा सापडल्या तर चिकण मातीने ठासून बुजवा. मात्र त्याआधी भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक खुंटी ठोका आणि मधले अंतर सुतळीने मोजून वहीत लिहा. आठ दिवसांनी अंतर वाढलेले दिसले, तर डोंगर चालू लागला आहे असे समजा आणि तहसीलदार कचेरीत लेखी कळवा.

घर वाढवायला मागचा डोंगर तासण्याची खोड आपल्याकडे फार. धान्याच्या थप्पीतली खालची गोणी ओढल्यावर काय होते, ते घरच्या बाईला विचारा. तासलेच असेल तर दगडी भिंत बांधा आणि तिला पाणी निघायला भोके ठेवा. भोकांवाचून भिंत म्हणजे धरणच.

झाडे लावा म्हणून सांगायला नकोच. बांबू, वाळा, जांभूळ, ऐन, कारवी, सगळे उपयोगी, वरची माती धरून ठेवतात. पण मुळांची पोच काही फुटांची. वीस-पंचवीस फूट खोल सरकणाऱ्या डोंगराला झाड अडवत नाही, तेही त्याच्याबरोबर येते. झाडे लावली म्हणून पहारा सोडू नये.

पहारा म्हणजे काय? सरळ कडांचे एक भांडे उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी पट्टीने पाऊस मोजा. किती मिलिमीटरला आपला डोंगर सुटेल, असा एकच आकडा कुणीही देऊ शकणार नाही. पण वहीत नोंद असली की कुठला पाऊस नेहमीचा आणि कुठला वेगळा, हे कळते. विहिरीचे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, नसलेल्या जागी झरा फुटणे, दारे-खिडक्या अडकू लागणे, खांब आणि झाडे कलणे, ही लक्षणे ओळखा. आणि सर्वांत वाईट लक्षण, पाऊस कोसळत असताना ओढ्याचे पाणी कमी होणे. वर कुठेतरी माती आडवी आली आहे. त्या वेळी ओढा पाहायला जाऊ नका, ओढ्यापासून दूर, बाजूच्या अंगाला पळा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा दूरध्वनी १०७७ आहे.

इर्शाळवाडीवर दरड आली ती लोक झोपलेले असताना. म्हणून रात्री कुठे निजायचे ते आत्ताच ठरवा. शाळा असो, देऊळ असो, आधी ती जागा स्वतः उताराखाली नाही ना, ते पाहा. म्हातारी माणसे, बाळंतिणी यांना कोण नेणार, नावे लिहून ठेवा. हवामान खात्याचा लाल इशारा आला, दोन दिवस पाऊस थांबलेला नसला, की अंधार पडण्याआधी निघायचे. चार वेळा उगीच गेलो म्हणून कुणी कुणाला हसू नये.

आणि जनावरांचे. माणसे निघतात आणि गोठ्यासाठी परत फिरतात, ही भीती मला दरवर्षी वाटते. निघतानाच दावी सोडा, गोठ्याचे दार उघडे ठेवा. मोकळे जनावर आपली वाट काढते. दाव्याला बांधलेल्या बैलासाठी कुणाला तरी मागे जावे लागते.