मानाचे पान आणि किल्ल्या

कुलपतिपद मानाचे. विद्यापीठाचा रोजचा कारभार चालवतात कुलगुरू. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ १९२० मध्ये स्थापन झाले, तेव्हा पहिल्या कुलपती होत्या भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम. पण तिथे पहिल्या महिला कुलगुरू, नईमा खातून, आल्या त्या २०२४ मध्ये. मधे १०४ वर्षे गेली! आपले मुंबई विद्यापीठ १८५७ चे, तिथे डॉ. स्नेहलता देशमुख कुलगुरू झाल्या १९९५ मध्ये. कर्तबगार बायका नव्हत्या म्हणावे, तर बडोद्याच्या विद्यापीठाची धुरा हंसाबेन मेहतांनी १९४९ मध्येच उचलली होती. बाईला मानाचे पान वाढायला आपला हात चटकन पुढे होतो. किल्ल्या सोपवताना मात्र आखडतो. मुलींच्या पदव्यांचे कौतुक जरूर करू या. पण किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत, तेही विचारू या.